मदत हवी आहे: लंडनचा बायर ब्रेक्झिटच्या नावाने बिल कापतोय, काय करू?

शिवणयंत्र (२८ जानेवारी २०२१)
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. आमचा लंडनचा बायर म्हणतोय ब्रेक्झिटमुळे डबल ड्युटी लागली म्हणून तुमच्या बिलातून १८ टक्के कापून बाकीचे पाठवतो. माल आयर्लंडला अडकलाय, पुढची ऑर्डर पण होल्डवर. २४ डिसेंबरला ब्रिटनचा युरोपशी करार झाला तेव्हा सगळीकडे छापून आलं की ड्युटी झिरो, मग ही ड्युटी आली कुठून? लॉकडाऊनमध्ये गावाला गेलेले कारागीर आत्ता कुठे परत आलेत, शनिवारी त्यांचा हिशोब द्यायचाय. बायर खरं बोलतोय की फसवतोय तेवढं सांगा.

जेएनपीटीवाला
माल काय? टर्म काय, एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतच जबाबदारी तुमची) की डीडीपी (ड्युटीसकट पोहोचवायची जबाबदारी तुमची)? इम्पोर्टर म्हणून नाव कोणाचं? आणि आयर्लंड म्हणजे डब्लिन की बेलफास्ट? बेलफास्ट ब्रिटनमध्ये येतं, त्याचे नियम वेगळे आहेत. हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

गिरगावकर
२०१६ ला ब्रिटनचं युरोप सोडायचं मतदान झालं तेव्हाच मी म्हटलं होतं की याचा फटका आपल्या छोट्या धंदेवाल्यांना बसणार. मोठी बाजारपेठ सोडून एकट्याने काही होत नाही. आपण पण २०१९ ला बँकॉकमध्ये आरसीईपीला (चीनसकट आशिया-पॅसिफिक देशांचा व्यापार करार) नाही म्हटलं, तीच चूक.

विलेपार्ले_ईस्ट
@गिरगावकर काका, दोन्हींची तुलनाच होत नाही. ते इतकी वर्षं आत होते आणि बाहेर पडले, आपण आत गेलोच नव्हतो. आरसीईपीत गेलो असतो तर चिनी मालाने इथली वर्कशॉप्स बंद पडली असती.

गिरगावकर
आत्ता तरी चिनी माल कुठे थांबलाय? मस्जिद बंदरला एक चक्कर मारून या.

शिवणयंत्र
अहो धागा माझा आहे, आधी माझं बघा ना. लेदरच्या लेडीज बॅगा आहेत, धारावीत काळा किल्ल्याजवळ युनिट आहे. माल डब्लिनच्या दुकानांसाठी. इम्पोर्टर बायरच, त्याने इंग्लंडच्या फेलिक्स्टो बंदरात उतरवून ड्युटी भरली आणि तिथून ट्रकने पुढे पाठवला, नेहमी असंच करतो. सीएचएने (आमच्या कस्टम एजंटने) बिलावर एफओबी न्हावा शेवा टाकलंय.

जेएनपीटीवाला
आता कळलं. डबल ड्युटी लागली असेल हे खरं आहे. ३१ डिसेंबरपर्यंत फेलिक्स्टोला एकदा ड्युटी भरली की माल युरोपात कुठेही जायचा, कोणी विचारायचं नाही. १ जानेवारीपासून मध्ये कस्टम आलं. करारातली झिरो ड्युटी फक्त ब्रिटन किंवा युरोपात बनलेल्या मालाला आहे. तुमच्या बॅगेच्या अस्तरावर फॉइलने मेड इन इंडिया मारलेलं असणार, म्हणजे ओरिजिन (माल मूळ कुठल्या देशाचा ते) भारत, म्हणून डब्लिनला परत ड्युटी. पण टर्म एफओबी आहे! न्हावा शेव्याला माल जहाजावर चढला की पुढची ड्युटी बायरची. ती तुमच्या बिलातून कापायचा त्याला काहीही हक्क नाही.

शिवणयंत्र
पण तो लंडनला स्वतःचा टॅग लावतो, डस्ट बॅगमध्ये भरतो, मग माल ब्रिटिश नाही होत?

जेएनपीटीवाला
नाही. टॅग लावणं, पॅकिंग करणं याने ओरिजिन बदलत नाही.

आकडेमोड
१८ टक्के कसले कापले त्याचा ब्रेकअप लेखी मागा. माझा संशय आहे की त्याने ड्युटीबरोबर व्हॅट पण धरलाय. तिथला इम्पोर्टर व्हॅट-रजिस्टर्ड असेल तर व्हॅट त्याला परत मिळतो, तो खर्च नाहीच. आणि घाईघाईत मेलवर ओके लिहू नका. बिल कमी करायचं तर बँकेची परवानगी लागते, २५ टक्क्यांपर्यंत बँक करून देते पण त्या प्रमाणात ड्रॉबॅक (निर्यातीवर सरकारकडून परत मिळालेली ड्युटी) वगैरे परत करावा लागतो. म्हणजे डबल तोटा तुमचाच.

घरबसल्या_धंदा
बायरच सोडा. स्वतः ऑनलाइन विका, लंडनला स्टॉक ठेवायचा आणि तिथून अख्ख्या युरोपात कुरिअर.

जेएनपीटीवाला
अहो प्रॉब्लेमच तो आहे ना, लंडनहून युरोपात पाठवणं! या महिन्यात डीपीडी कुरिअर कंपनीने तिकडून युरोपची पार्सलंच काही दिवस थांबवली होती, कागद बरोबर नसायचे म्हणून. डब्लिनचा माल इथूनच वेगळा बुक करायचा, एलसीएलमध्ये (दुसऱ्यांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये).

सागाचं_दप्तर
एलसीएल छोट्यांना परवडत नाही, त्यात सध्या कंटेनर मिळत नाहीयेत आणि भाडी कुठच्या कुठे गेलीत. आम्ही फर्निचरवाले बायरला सांगतो की माल तिकडे बाँडेड वेअरहाऊसमध्ये ठेव. तिथे असेपर्यंत ब्रिटनची ड्युटी भरावी लागत नाही, युरोपचा माल ट्रान्झिटच्या कागदावर बाहेर काढायचा आणि ड्युटी फक्त शेवटच्या देशात.

जेएनपीटीवाला
बाँडेडचं भाडं कोण देणार? आणि तिथे सध्या एजंट मिळायची मारामार.

मत्स्यगंधा
विषय निघालाच आहे तर विचारते, माझा भाचा गोव्याचा, पोर्तुगीज म्हणजे युरोपच्या पासपोर्टवर इंग्लंडमध्ये स्विंडनला आहे, दोन वर्षं झाली. त्याला आता परत यावं लागेल का?

आकडेमोड
नाही ताई, डिसेंबर २०२० संपायच्या आधीपासून तिथे राहत असेल तर सेटलमेंट स्कीममध्ये (युरोपच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये राहू देणारी योजना) ३० जून २०२१ च्या आत अर्ज भरायला सांगा. पण भरायलाच हवा, टाळाटाळ नको.

शिवणयंत्र
ब्रेकअप मागितला. ड्युटी, व्हॅट, डब्लिनच्या एजंटची फी आणि पोर्टवर पडून राहिल्याचं भाडं, सगळं माझ्या माथी मारलंय, त्यात सगळ्यात मोठा आकडा व्हॅटचाच आहे. मी लिहिलं की एफओबी आहे, या बिलाचे पूर्ण पैसे पाठवा, पुढच्या ऑर्डरपासून डब्लिनचा माल वेगळ्या बिलावर थेट पाठवतो, त्याचा रेट नव्याने बोलू. पण माणूस जुना आहे, तुटला तर एवढी कामं दुसरीकडून कुठून आणू? अर्धी एजंटची फी सोडून देऊ का?

सागाचं_दप्तर
द्या, पण या बिलातून नको, पुढच्या बिलाच्या रेटमध्ये बघून घ्या.

जेएनपीटीवाला
याला माझं पण हो. आणि पुढच्या वेळी डब्लिनच्या दुकानदाराकडे किंवा बायरकडे युरोपचा ईओआरआय नंबर (कस्टमचा नोंदणी नंबर) आहे का ते माल निघायच्या आधी विचारा, लंडनचा जीबीवाला नंबर तिकडे चालत नाही.

गिरगावकर
आरसीईपीचं मी उद्या सविस्तर लिहितो.