फॉन्डंट, दोन मदतनीस आणि पाच पायांचं कासव

लाटणंबहाद्दर:

नमस्कार मंडळी. केक मी बरा करतो. म्हणजे स्पंज फुगतो, मधोमध खचत नाही, पाहुणे दुसरा तुकडा मागतात. फॉन्डंटशी, म्हणजे केकवर चढवायच्या साखरेच्या लवचीक आवरणाशी, मात्र माझं काही केल्या जमत नाही. त्यात हाताखाली दोन मदतनीस: मुलगी ९ वर्षांची, मुलगा आता ५ चा होणार. त्याच्या वाढदिवसाला समुद्राचा केक करायचा असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलंय. मला फक्त कळवण्यात आलं.

गेल्या वर्षीची फजिती आधी सांगतो, म्हणजे उत्तरं देणाऱ्यांना अंदाज येईल. पांढऱ्या फॉन्डंटचं १ किलोचं पाकीट आणलं. घरात खाण्याच्या रंगाची बाटली होती, तिच्यातला पातळ निळा रंग घातला. हवा तसा गडद होईना म्हणून आणखी घातला. गोळा हाताला असा चिकटला की दाराची कडी मुलीला उघडावी लागली. मग आयसिंग शुगर घालत गेलो, तर लाटताना कडा फाटायला लागल्या. तोवर मुलांनी उरलेले लाल, पिवळे, हिरवे गोळे एकत्र मळून भिजलेल्या पुठ्ठ्याचा रंग तयार केला होता. मुलीच्या लाल स्वेटरची लव पांढऱ्यात गेली, ती वेगळीच.

केकवर व्हिप्ड क्रीम लावलं, वर कशीबशी फॉन्डंटची पोळी चढवली आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी दिसायला छान होता. बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात त्याला घाम फुटला, निळे ओघळ आले आणि पोळी खाली घसरून केकचं पोट सुटलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मुलाने एक कासव केलं होतं. पाच पायांचं. रात्री मुलं झोपल्यावर केक जरा सारखा करताना मी तो पाचवा पाय अलगद काढून टाकला आणि जागा बोटाने गुळगुळीत केली. सकाळी तो स्टुलावर चढला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "याची शेपूट कुणी नेली?"

रडला वगैरे नाही. कासव केकवरून उचललं आणि केक कापेपर्यंत मुठीत धरून बसला. मूठ उघडली तेव्हा कासव राहिलं नव्हतं, तळहात तेवढा हिरवा होता.

तर यंदा काय वेगळं करू? घाम, चिकटपणा, रंग यांचं सांगाच. पण मुलांना काय करू द्यायचं आणि कुठे हात लावू द्यायचा नाही, हे जास्त हवंय.

मुंगीचा डबा:

दादा, मी केकच्या ऑर्डरी घेते आणि सुटीत मुलांचे वर्गही. तुमच्यासारखे बाबा दर वर्गात दोन-तीन असतात. मुलांना घेऊन येतात आणि स्वतःच लाटत बसतात. रागावू नका.

घामाचं आधी. फॉन्डंट म्हणजे बहुतेक सगळी साखरच, आणि साखर दिसेल तिथून पाणी ओढते. व्हिप्ड क्रीममध्ये पाणी भरपूर, त्यामुळे पोळी खालून विरघळली आणि घसरली. तिच्याखाली बटरक्रीम लावा, नाहीतर गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण. गनाशला डार्क चॉकलेट असेल तर वजनाने २ भाग चॉकलेट आणि १ भाग क्रीम, व्हाइट असेल तर ३ ला १. ते घट्ट बसलं की वर पाण्याचा नुसता ओलसर ब्रश फिरवून पोळी चढवायची. आणि फ्रिजचं म्हणाल तर गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात ना, तेच केकला होतं. शक्यतो फ्रिज टाळा. आतल्या सारणामुळे ठेवावाच लागला तर पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोकं लगेच उघडू नका, थेंब खोक्यावर येऊ देत. तरी घाम आलाच तर पुसायचं नाही! पंख्याखाली ठेवून गप्प बसायचं.

बाटलीतला पातळ रंग म्हणजे पुन्हा पाणीच. जेल रंग आणा आणि टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच घाला. रंग काही तासांनी आपोआप गडद होतो, म्हणून आदल्या दिवशी कालवा आणि हवा त्यापेक्षा एक छटा फिका असतानाच थांबा. लाल आणि काळा घरी करायच्या भानगडीत पडू नका. गडद होईपर्यंत इतका रंग लागतो की चव कडवट होते. ते तयार रंगीतच घ्या. मळताना आधी पांढरा, मग फिके, गडद सगळ्यात शेवटी. स्वेटर, लोकरी काही नको. जुना सुती टी-शर्ट, बाह्या वर.

आता मुलांचं. माझ्या वर्गात एकच नियम आहे: केक झाकणं मोठ्यांचं, केकवरची वस्ती मुलांची. पोळी चढवताना दोनच मिनिटं हातात असतात, नाहीतर ती वाळून चिरते. तेवढ्यात "मला पण, मला पण" सुरू झालं की संपलं. ते काम मुलं झोपल्यावर उरका. मासे, शिंपले, खेकडे मात्र तीन दिवस आधीपासून करायला घ्या. पाव किलो फॉन्डंटमध्ये १ चहाचा चमचा सीएमसी किंवा टायलोज पावडर (फॉन्डंट घट्ट करणारी, खाण्याची) मळून तासभर झाकून ठेवा, मग प्राणी बसके होत नाहीत. झाले की उघड्यावर वाळवा, डब्यात नाही, फ्रिजमध्ये तर नाहीच. दुसऱ्या दिवशी उलटे करा, पोटाकडून ओले राहतात. वाकडी शेपटी, उघडा शिंपला असं काही असेल तर अंड्याच्या ट्रेच्या खळग्यात क्लिंग फिल्म घालून त्यात ठेवा.

प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा, बाकीचा झाकलेला. सगळं पाकीट समोर ठेवलंत म्हणून पुठ्ठ्याचा रंग झाला. मी मुलांना तीनच आकार शिकवते: गोळी, थेंब आणि वळी. थेंब चपटा केला की मासा. गोळीला आठ वळ्या लावल्या की ऑक्टोपस. आठ पाय मोजायचे असले की पाच वर्षांचं मूलसुद्धा वीस मिनिटं जागचं हलत नाही. वीस मिनिटंच. त्यापुढे ताणू नका.

चिकटवायला मुलांना पाण्याची वाटी देऊ नका. ब्रश बुचकळून काढतात, मग माशाचा डोळा घरंगळत शेपटीपाशी येतो. बशीत ओला करून पिळलेला स्पंज ठेवा आणि ब्रश त्यावर फक्त टेकवायला सांगा. गोळा हाताला चिकटू नये म्हणून लागणारं कॉर्नफ्लोअरही पातळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून द्या. ती गोळ्यावर आपटली की भुरभुरतं तेवढं पुरतं. डबा दिलात तर झाडू तयार ठेवा.

आणि कासवाचं म्हणाल तर, दादा, हात लावायचा नव्हता.

चष्मा शोधतोय:

लहान मुलं खाणार आहेत म्हणून दोन गोष्टी. प्राण्यांची डोकी टिकावीत म्हणून आत टूथपिक खुपसतात, ते करू नका. चावताना कुणाच्या लक्षात राहत नाही. कच्च्या स्पॅगेटीची काडी मोडून घाला, फॉन्डंटमधल्या ओलाव्याने हळूहळू मऊ होते आणि पोटात गेली तरी पीठच आहे. दुसरं, चकचकीत पावडरीच्या डबीवर नुसतं 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं असेल तर ती खाण्याची नव्हे. खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेलं आणि घटकांची यादी असलेलीच घ्या. त्या चांदीच्या कडक गोळ्या अगदी लहान भावंडांच्या तुकड्यावर नकोत, घशात अडकतात.

गोडाचं वावडं:

माझं मत कुणी विचारलं नाही, तरी देतो. फॉन्डंट खातं कोण? आमच्याकडे पाहुणे ते सोलून ताटाच्या कडेला ठेवतात, संत्र्याच्या सालासारखं. मी मॉडेलिंग चॉकलेट करतो. डार्क चॉकलेट वितळवून त्यात वजनाने साधारण एक तृतीयांश लिक्विड ग्लुकोज घालायचं, हलक्या हाताने कालवायचं आणि गुंडाळून रात्रभर ठेवायचं. सकाळी दगडासारखं लागतं, मळलं की ऐकतं. चवीला चॉकलेटच.

लाटणंबहाद्दर:

वावडेसाहेब, चव मान्य. पण माझ्या मुलाचे तळहात म्हणजे इस्त्री आहे. चॉकलेटचा मासा त्याच्या हातात शेपटीपर्यंत पोचेल असं वाटत नाही. मोठीला देऊन बघतो.

मुंगीताई, तुम्ही कासवावरून झापलंत ते योग्यच. आता एवढंच सांगा: केक २० सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच आहे, फॉन्डंट किती लागेल? आणि पाकिटाऐवजी मार्शमेलोचं घरी केलं तर चालेल का?

मुंगीचा डबा:

रुंदी अधिक दोन्ही बाजूंची उंची: २० + १० + १० = ४० सेंमी. वर २-३ सेंमी जास्त धरा. ४ मिमी जाड लाटलंत तर पाऊण किलोच्या थोडं वर लागतं. आकडा घेऊन दुकानात जाल म्हणून सांगते, झाकायला १ किलो आणि मुलांना अर्धा किलो वेगळं. काठाला कापून उरलेलं त्यांनाच द्या.

पोळी टाकल्यावर आधी वरचा भाग हाताने सपाट करा, मग वरची कड, मग बाजू. खाली झालरीसारख्या चुण्या पडतात. त्या ओढायच्या नाहीत. एका हाताने झालर बाहेरच्या बाजूला उचलायची आणि दुसऱ्या तळव्याने वरून खाली दाबत यायचं. हवेचा फुगा राहिला तर सुई तिरकी टोचा. कडेला हत्तीच्या कातडीसारखी चीर दिसली तर बोटाला कणभर शॉर्टनिंग (डालड्यासारखं घट्ट वनस्पती तूप) लावून गोल गोल फिरवा, निम्म्याहून अधिक चिरा बुजतात. उरलेल्यांवर शेवाळ उगवतं. समुद्राचा केक निवडलाय मुलांनी, तुम्हाला कळलं नसेल पण उपकार केलेत.

मार्शमेलोचं चालेल. ४५० ग्रॅम मार्शमेलो, २-३ मोठे चमचे पाणी, मायक्रोवेव्हमध्ये थोडं थोडं वितळवायचं, मग ९०० ग्रॅमच्या आसपास आयसिंग शुगर आणि हाताला लावायला शॉर्टनिंग. पण वितळलेला मार्शमेलो फार तापतो आणि कातडीला चिकटून बसतो, तेवढ्या वेळापुरतं मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवा. शाकाहारी असाल तर बहुतेक मार्शमेलोत जिलेटिन असतं हेही बघा. तयार फॉन्डंटच्या पाकिटावरही घटक वाचा.

लाटणंबहाद्दर:

मंडळी, वृत्तांत.

व्हाइट चॉकलेटचं गनाश लावलं, फ्रिज टाळला, घाम आला नाही. झाकण रात्री अकराला घातलं. मागच्या बाजूला एक चुणी पडलीच, तिथे शेवाळाचं जंगल उभं केलं. मुलीने १४ शिंपले केले आणि आकारानुसार ओळीत मांडून ठेवले. केकवर ठेवतानासुद्धा तो क्रम मोडायचा नाही असा हुकूम होता. तिचा चॉकलेटचा देवमासा खरंच देखणा झाला, वावडेसाहेबांना निरोप द्यायला सांगितलाय.

स्पंजची युक्ती तर काय वर्णावी. मुलाने ब्रश टेकवताना दर वेळी "टिक" असा आवाज काढायचा नियम केला. एकही डोळा घरंगळला नाही.

त्याच्या ऑक्टोपसला पाय सात. आठवा वाळवायला ठेवला होता तो त्यानेच खाल्ला, पण त्याचं म्हणणं शार्कने नेला. मग शार्क करावा लागला, वेळापत्रकात नव्हता. तो राखाडी हवा होता, पण माझ्या हातून काळा जास्त पडला, त्यामुळे शार्क म्हशीच्या रंगाचा आहे. मुलाने बघितला आणि चालेल म्हणाला.

आणि कासव पुन्हा झालं. पाचवा पाय लावल्या लावल्या त्याने मला हाक मारून बोलावलं आणि बोट दाखवून सांगितलं, "बाबा, ही शेपूट आहे." बरं म्हटलं. रात्री मी त्या बाजूला फिरकलोही नाही.

आता अडचण अशी की कासव कापू देत नाही, खाऊ देत नाही. चहापत्तीच्या रिकाम्या डबीत घालून उशाशी ठेवलंय. ते किती दिवस टिकेल? मुंग्या येतील का?

मुंगीचा डबा:

सीएमसी घातलंय आणि पूर्ण वाळलंय ना? मग कोरड्या जागी महिनोन्महिने टिकतं. उन्हात ठेवू नका, रंग उडतो. डबी घट्ट झाकणाची हवी, मुंग्या साखरेला येणारच. आणि इतक्या दिवसांनी ते कुणी खायचं नाही हे त्याला आत्ताच सांगून ठेवा. त्याने आठवा पाय खाल्लेला आहे.