मदत हवी आहे: मेटल थ्रीडी प्रिंटिंगवर थर्मल कॅमेरा, दोष ओळखायचा कसा?

नमस्कार मंडळी. आम्ही लेझर पावडर बेड मशीनवर (धातूच्या पावडरचा थर पसरून लेझरने वितळवायचा, मग पुढचा थर) टायटॅनियमचे पार्ट करतो, लेयर ३० मायक्रॉनचा. मागे एक ब्रॅकेट मशिनिंगला गेला आणि कटरखाली पोकळी उघडी पडली. आतली न वितळलेली पावडर अक्षरशः भुरभुरत बाहेर आली.

म्हणून आता चेंबरबाहेर लाँगवेव्ह थर्मल कॅमेरा लावलाय. साध्या काचेतून काही दिसेना, मग जर्मेनियमची खिडकी बसवली (खिसा रिकामा!). चित्र येतंय, पण एमिसिव्हिटीचा (पृष्ठभाग किती उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकतो, त्याचा) घोळ आहे. पावडर आणि घट्ट झालेला धातू एकाच तापमानाला असले तरी कॅमेरा वेगवेगळे आकडे दाखवतो. मेल्ट पूल (लेझरखाली वितळलेल्या धातूचा ठिपका) जेमतेम शे-दोनशे मायक्रॉनचा, त्याचा नाद सोडला. लेयर झाल्यावर कुठला भाग सावकाश थंड होतो, तेवढंच बघतो.

अडलंय ते इथे: ओव्हरहँगखाली (पार्टच्या अधांतरी पुढे आलेल्या भागाखाली) पावडरच असते, त्यामुळे तिथे उष्णता तशीही साठते. आत पोकळी राहिली तरी वरून तसाच गरम डाग दिसतो. दोन्हींतला फरक कसा ओळखता? पार्टच्या सीटी स्कॅनशी (एक्स-रेने आतलं दाखवणारी तपासणी) कॅमेऱ्याच्या फ्रेम जुळवून, कुठल्या आकड्यापुढे दोष धरायचा याची मर्यादा कुणी ठरवली आहे का? प्रत्येक भूमितीसाठी वेगळी ठेवावी लागते का?