बीओटीएच झाल्यावर लगेच एमओटीएच, की आधी कोकणात काम?

पायठणी (रत्नागिरी)

पीजीओ-सीईटीच्या, म्हणजे एमओटीएचच्या प्रवेश परीक्षेच्या, अर्जांचे दिवस आले की मला ठरावीक फोन सुरू होतात. यंदा मावसबहिणीच्या मुलीचा आला. मुंबईत बीओटीएच, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, झाली, इंटर्नशिप संपली, सध्या राजापूरला घरी आहे. "मावशी, एमओटीएचला बसू ना?" तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे मांडते. पटत नसेल त्यांनी जरूर भांडावं.

ज्यांना हे क्षेत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आजाराने, अपघाताने किंवा जन्मापासून ज्याची रोजची कामं अडली आहेत, म्हणजे जेवण, अंघोळ, कपडे, शाळेतलं लिहिणं, पोटापाण्याचा धंदा, त्याला ती पुन्हा करता यावीत यासाठी सराव, साधनं आणि घरातले बदल, हे ऑक्युपेशनल थेरपीचं काम. आपल्याकडे इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची पदवी चालत आली आहे, त्यावर दोन वर्षांचं पदव्युत्तर एमओटीएच.

माझं मत असं की लगेच बसू नये. आधी दोन-तीन वर्षं आपल्या जिल्ह्यात काम करावं, मग खुशाल जावं. कारण सांगते. वॉर्डात आपण बार्थेल इंडेक्स लावतो, म्हणजे रोजची कामं रुग्णाला स्वतः किती जमतात ते मोजतो. १९६५ सालचा, दहा बाबी, शंभरपैकी गुण. अर्धांगाचा झटका आलेले काका मुंबईच्या वॉर्डातून नव्वद गुण घेऊन गावी येतात. इथे खळ्यातून ओटीवर चढायला जांभ्याच्या उंच पायठण्या, त्यांना कठडा नाही. प्रत्येक दाराला वीतभर उंबरठा. संडास परसात, आणि पावसाळ्यात त्या वाटेवर शेवाळ. नव्वद गुणांचा माणूस पडवीतल्या खाटेवर बसून राहतो. आंब्याच्या नाहीतर माडाच्या झाडावरून पडून मणक्याला मार बसलेल्यांची तर गोष्टच वेगळी. तिशीतला गडी, व्हीलचेअर मिळालेली, आणि घर गाडीरस्त्यापासून पाखाडी उतरून खाली. ती खुर्ची घरात कपडे वाळत घालायला वापरतात, हे मी पाहिलेलं आहे.

हे काही न बघता पोरं एमओटीएचला जातात, तिथे आणखी दोन वर्षं वॉर्ड आणि ओपीडी, आणि मग ठाण्या-पुण्यात चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरला नोकरी. परत कोण येतं?

कुडाळचा_थेरपिस्ट

ताई, तुमचं काम ऐकून आहे, आदर आहे. पण सल्ला उलटा आहे असं माझं म्हणणं. मी एमओटीएच लगेच केलं आणि त्यानंतर सिंधुदुर्गात आलो, त्यामुळे "परत कोण येतं" याला एक तरी उत्तर धरा.

तुमचंच उदाहरण घेतो. बार्थेलमध्ये शंभर मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकतो असं समजू नका, त्याला स्वयंपाक, घरकाम जमेलच असं नाही, हे ती मोजपट्टी बनवणाऱ्यांनीच मूळ लेखात लिहून ठेवलं आहे. मला बीओटीएचला हे कुणी सांगितलं नाही. फॉर्म हातात दिला, भरा म्हणाले. एमओटीएचच्या जर्नल क्लबात मूळ लेख वाचायला लागला तेव्हा कळलं. तिथेच सीओपीएम ही मोजपट्टी नीट शिकलो. त्यात काय अडतंय हे रुग्ण स्वतः सांगतो आणि आपण किती करू शकतो, त्यावर समाधानी किती, याला एक ते दहा गुणही स्वतःच देतो. परसातली वाट तिथे आपोआप येते, कारण काका पहिली तीच सांगतात.

आता "आधी जिल्ह्यात काम" याबद्दल. जिल्ह्यात तुम्ही एकटे असता. मुंबईत हाताची केस आली तर शेजारी सिनियर असतो, सर्जन खालच्या मजल्यावर असतो. इथे मालवण-वेंगुर्ल्याकडून खलाशी येतो, जाळं ओढणाऱ्या यंत्रात हात सापडलेला, बोट वाकवणारा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, गोव्यात नाहीतर कोल्हापुरात शिवून आणलेला. शिवलेला टेंडन दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यात कमजोर असतो. तेव्हा जास्त हलवला तर तुटतो, अजिबात नाही हलवला तर आजूबाजूला चिकटतो आणि बोट कायमचं आखडतं. कोणती हालचाल कितपत द्यायची, मनगट कोणत्या कोनात ठेवून स्प्लिंट घडवायचा, हे त्याच दिवशी ठरवायचं असतं. टाका कसा घातला आहे हे सर्जनला फोन करून विचारावं लागतं, आणि काय विचारायचं तेच ठाऊक नसेल तर फोन करून उपयोग नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला हे एकटीने निभवायला सांगणं मला धाडस वाटतं. एकट्याने केलेली चूक कुणी दाखवत नाही, ती अनुभव म्हणून जमा होत राहते.

एमओटीएचला तशाच केस एकामागून एक येतात आणि आपल्या हाताकडे बघणारं कुणीतरी असतं. दोन वर्षांची किंमत त्यात आहे.

वेंगुर्ल्याचो_दादा

तुमचा दोघांचाय खरा आसा. पण माझ्या बापाशीक अर्धांगवायू झालो तेव्हा बीओटीएच नाय नि एमओटीएच नाय, कोणच इलो नाय. मालीशवालो इलो. उंबरठ्याक लाकडी उतार करूचो ह्या सांगूक दोन वर्षांचा कॉलेज कित्याक व्हया?

कुडाळचा_थेरपिस्ट

दादा, उतार करायला कॉलेज नको. पण केवढा करायचा हे बघायला लागतं. साधारण नियम असा की जितकी उंची त्याच्या बारापट लांबी. सहा इंचाच्या उंबरठ्याला सहा फूट फळी. ती माजघरात बसते का? नाही बसली तर उंबरठा कापायचा की दार दुसरीकडून काढायचं? हा हिशोब पदवीचाच आहे, एमओटीएचचा नव्हे, हेही कबूल.

वेंगुर्ल्याचो_दादा

सहा फूट! आमच्या माजघरात मग म्हाताऱ्यान झोपूचा खय?

मत्स्यगंधा

मी रत्नागिरीची, मणिपालला एमओटी (तिकडचं एमओटीएच) करते आहे. मुंबईच्या जागा फार थोड्या, म्हणून दक्षिणेला आले. उडुपी कोकण रेल्वेवरच आहे, घरी यायला मुंबईइतकंच सोपं. फी मात्र मुंबईच्या पालिकेच्या कॉलेजांशी तुलना करू नका, शैक्षणिक कर्ज आहे. म्हणून पायठणीताईंचं "परत कोण येतं" मला लागलं. कर्ज घेऊन शिकलेली मुलगी तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना थाटून हप्ते फेडू शकते का, हा प्रश्न कोकणावर प्रेम असण्या-नसण्याचा नाही.

माझा विषय लहान मुलं. सेन्सरी इंटिग्रेशन, म्हणजे स्पर्श, तोल, हालचाल अशा संवेदनांचा मेळ मुलाला बसवता यावा यासाठीची थेरपी, त्याबद्दल एक सांगते. गावाकडे मला नेहमी म्हणतात, आमच्या पडवीत झोपाळा आहेच की, त्यावर बसवतो मुलाला. झोपाळा उत्तम, जरूर वापरा. पण तो पुढे-मागे जातो, गोल फिरत नाही. एकाच हुकावर टांगलेला पाळणा फिरतो, डुलतो, आणि मूल स्वतः त्याची दिशा बदलतं. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला फिरण्याची संवेदना वेगळी आणि पुढे-मागे जाण्याची वेगळी मिळते. कुठल्या मुलाला कोणती, किती वेळ आणि कधी थांबायचं, हे न कळता गरगर फिरवलं तर मूल उलट्या करतं किंवा रात्रभर झोपत नाही. ही पद्धत उभी करणाऱ्या जीन आयर्स स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. तिचा अभ्यास करताना पद्धत नेकीने पाळली गेली की नाही हे तपासायची एक पट्टी आहे, त्यात थेरपिस्टने पदवीनंतर वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असणं हीसुद्धा अट आहे. बीओटीएचला याची तोंडओळख होते, त्यापलीकडे फारसं काही नाही.

चिपळूणकर_आई

मुलगा स्वमग्न आहे, सात वर्षांचा. वर तिघांनी लिहिलेलं वाचलं. आमच्या बाजूने बघा. आम्ही थेरपीसाठी कुंभार्ली घाट चढून पलीकडे जात होतो, पावसाळ्यात घाट बंद झाला की थेरपी बंद. तिथे एका सेंटरमध्ये भिंतीवर पाच-सहा प्रमाणपत्रं, आणि मुलाला हाताळणारी व्यक्ती भलतीच, तिची पदवी काय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्हाला एमओटीएच आणि बीओटीएच यातला फरक समजत नाही हो. हा माणूस ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आहे तरी का, एवढं कळलं तरी पुरे.

पायठणी (रत्नागिरी)

@चिपळूणकर_आई, हे आधी विचारत जा आणि विचारायला संकोच करू नका. महाराष्ट्रात ओटी आणि फिजिओथेरपीची मिळून राज्य परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक मागा. आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यातही ओटीचा समावेश आहे. क्रमांक सांगायला जो आढेवेढे घेतो त्याच्याकडे मूल सोपवू नका, भिंतीवर काहीही लटकवलेलं असो.

@कुडाळचा_थेरपिस्ट, टेंडनचा मुद्दा मान्य. हातावर काम करायचं असेल तर आधी शिकावं. पण तुम्ही एमओटीएचचं जे चित्र रंगवलंत ते चांगला गाइड मिळालेल्याचं आहे. मला दिसतं ते असं. पोरगी प्रवेश घेते, पाठोपाठ सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, मागतात. तिने आयुष्यात वॉर्डाबाहेर रुग्ण पाहिलेला नाही, तेव्हा विषय सुचणार कुठून? मग गाइड देतील तो. अमुक व्यायामाचा तमुक रुग्णांच्या पकडीवर परिणाम, तीस रुग्ण, सहा आठवडे, पी व्हॅल्यू आली, बाइंडिंग झालं, कपाटात गेलं. आणि आपल्याकडे काजूच्या कारखान्यांत बायका दिवसभर बी फोडतात. टरफलातलं तेल कातडी जाळतं म्हणून हाताला राख नाहीतर खाद्यतेल फासतात, एका हाताने यंत्राचा दांडा मारायचा, दुसऱ्याने गर काढायचा. काम, हात, बसण्याची पद्धत, मजुरी, सगळं एका जागी. ओटीला याहून चांगला विषय कोणता? तो सुचायला आधी कुडाळ-सावंतवाडीच्या कारखान्यात उभं राहायला लागतं. म्हणून म्हणते, आधी काम.

न्यूजर्सीकर

करिअरच्या दृष्टीने बोलतो. अमेरिकेत २००७ पासून नव्या ओटीचं प्रवेश-शिक्षणच किमान मास्टर्स पातळीचं आहे. बाहेर पडायचं असेल तर लगेच करा, मध्ये वर्षं घालवू नका.

वेंगुर्ल्याचो_दादा

हे आणि एक. आमका हय कोण नाय म्हणान रडतो, आणि ह्ये न्यूजर्सीची वाट दाखवतत.

न्यूजर्सीकर

दादा, मुलीने काय करायचं ते तिचं तिने ठरवू द्या. गावाची सेवा तिच्याच डोक्यावर का? मुलगा असता तर एवढी चर्चा झाली असती का, हेही विचारतो.

मत्स्यगंधा

+१. कर्जाचा हप्ता गाव भरत नाही.

पायठणी (रत्नागिरी)

सेवा कोण म्हणालं? मी फी घेते, चांगली घेते. घरी जाऊन बघायची वेगळी, त्यात रिक्षाभाडं वेगळं. ज्यांना वाटतं कोकणात ओटीचं पोट भरत नाही त्यांनी चाकरमान्यांना विचारावं, आई-वडील गावी आणि मुलगा डोंबिवलीत, असा प्रत्येक जण मला महिन्याला ऑनलाइन पैसे पाठवतो. काम भरपूर आहे, माणसं नाहीत.

कुडाळचा_थेरपिस्ट

काजूचा विषय अव्वल आहे, त्यावर वाद नाही. पण ताई, तो करायलाही एमओटीएच लागतं की. तुम्ही इतकी वर्षं त्या बायका बघताय, एक ओळ तरी छापली का? हे हिणवायला म्हणत नाही. पद्धत शिकवलेली नसते, एथिक्स कमिटी नसते, उपकरणं नसतात. निरीक्षण तुमच्या डोक्यात राहतं, कारखान्याच्या मालकापुढे आकडा ठेवता येत नाही. आकड्याशिवाय तो बसायची पाटी दोन इंच उंच करणार नाही. मुंबईत १९५० साली केईएममध्ये कमला निंबकरांनी देशातली पहिली ओटी शाळा सुरू केली, १९५२ ला ओटीचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत आपण होतो. इतकी वर्षं झाली तरी आपल्या पाटावर बसणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या माणसांसाठीचे आकडे आपण बाहेरूनच उसने घेतो.

राजापूरची_रेवा

मीच ती मावसबहिणीची मुलगी. मावशी, फॉर्म कालच भरलाय, रागावू नकोस. पण निकाल लागून प्रवेश होईपर्यंत मध्ये वेळ आहे, तेवढ्यात तुझ्याबरोबर घरभेटींना येते आणि काजूचा कारखानाही बघते.

कुडाळच्या सरांना एक विचारायचं होतं. पकड मोजायला जमार डायनॅमोमीटरची ठरलेली पद्धत खुर्चीत बसून, कोपर काटकोनात, तीन वेळा मोजून सरासरी अशी आहे. या बायका जमिनीवर बसून, कोपर अर्धवट सरळ ठेवून काम करतात. खुर्चीत मोजलं तर इतर अभ्यासांशी तुलना होईल, जमिनीवर मोजलं तर खरं काम कळेल. गाइड कोणतं मान्य करतील?

कुडाळचा_थेरपिस्ट

दोन्ही मोजा. आधी खुर्चीत की आधी जमिनीवर, हे चिठ्ठी टाकून ठरवा, नाहीतर दुसऱ्या मोजणीत हात दमलेला असेल. आणि सकाळी कामाआधी एकदा, सुटीच्या वेळी एकदा. कॉलेजचं उपकरण बाहेर न्यायला विभागप्रमुखांचा लेखी अर्ज लागेल, तो सिनॉप्सिसबरोबरच द्या, नंतर मिळत नाही.

पायठणी (रत्नागिरी)

सुटीच्या वेळी बायका थांबणार नाहीत गं. पाच वाजता वडाप सुटतं. दुपारच्या जेवणाआधी मोज.