खान्देशावर पुस्तकं नाहीत, की वाचणारे नाहीत?

पांझराकाठ
परवा याच धाग्यावर ‘कोरा कागद’ यांनी लिहिलं : “खान्देशावर धड पुस्तकच नाही. जी आहेत ती सत्काराला नारळ-टोपीबरोबर द्यायची. समाज कसा बदलला हे कळायला इथे साधनच नाही.” पहिली दोन वाक्यं अर्धी खरी आहेत, सोडून देतो. तिसऱ्याने डोकं फिरलं.

साधन नाही? इतिहासकार वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या दप्तरांसाठी तिथेच संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच्याही आधी, १८९३ पासून, शंकरराव देवांची सत्कार्योत्तेजक सभा आहे. रामदासी बाडं, म्हणजे समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं, गोळा झाली ती तिथे. कॅम्पबेलचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारचा जिल्ह्याचा माहितीग्रंथ, १८८० चं. गावोगावची कोतवाल बुकं (जन्ममृत्यूच्या वह्या) आहेत, जमिनीच्या हक्कबदलाचे फेरफार आहेत, दुय्यम निबंधकाकडची गहाणखतं आहेत. दुष्काळ साधनांचा नाही, ती वाचता येणाऱ्यांचा आहे.

एकच उदाहरण देतो. ओसाड गाव पुन्हा वसवायला दिलेला कौल, म्हणजे सवलतीचं सरकारी वचनपत्र, आहे समजा. वर मोडीत तारीख : ‘छ ११ सफर, सन इहिदे अशर मयातैन व अलफ’. इहिदे एक, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार, म्हणजे १२११. आता ग्रंथकार ‘सफर’ बघतो, महिना मुसलमानी म्हणून सन हिजरी धरतो आणि छापतो इ.स. १७९६-९७. दुसरा महसुली कागद म्हणून फसली धरतो, त्याचं येतं १८०१-०२. दोन्ही चूक. असा अरबी शब्दांत लिहिलेला सन शुहूर असतो, म्हणजे मराठी दप्तरातला सौर सन, मृग नक्षत्रापासून सुरू होतो. जूनच्या मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ‘छ’ म्हणजे चंद्र, तिथला महिना चांद्र आणि साल मात्र सौर. म्हणून हा घोळ होतो. जंत्री (तारखा जुळवायचं कोष्टक) लावली तर हा कागद मार्च १८११ चा निघतो.

चौदा वर्षांनी काय बिघडतं? मधे १८०२ ची होळकरी फौजांची लूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ आहे. १७९६ धरलं तर गाव त्याआधीच ओस होतं असं ठरतं, मग लेखक त्याला रोगराई नाहीतर ग्रामदेवतेचा शाप जोडतो. १८११ धरलं तर दुष्काळात उठलेलं गाव सात वर्षांनी पुन्हा बसतंय. सामाजिक बदल म्हणतात तो हाच की. एका ओळीत बसलाय.

कोरा कागद
मोठं प्रवचन दिलंत, आभार. पण मी पुस्तक म्हटलं, दप्तर नाही. वाण्याकडे गहू आहे म्हणून घरात पोळी आहे असं होत नाही. वाचकाने काय जंत्री मांडीवर घेऊन बसायचं?

दुकानात मिळतं काय ते सांगतो. गावाचा इतिहास, तीनशे वीस पानं, म्हणजे सोळा पानी वीस फॉर्म. पहिले दोन फॉर्म शुभेच्छा संदेश. मग खांडववन, पांडव, कान्हदेश, सेऊणदेश. मग शिवकाळावर एक उतारा, कारण कागद नाही. मग एकदम १९४२. शेवटचे सहा फॉर्म देणगीदारांचे फोटो. प्रती तीनशे, त्यातल्या दोनशे प्रकाशनाच्या दिवशीच वाटल्या. सूची नाही, नकाशा नाही. कुठल्या वाड्यातला कागद, कुणी वाचला, काही नाही. तुमचा १२११ चा कौल यात सापडलाच तर ‘जुन्या कागदपत्रांवरून असे दिसते की’ एवढाच.

गिरणेचं पाणी
कोरा कागद, खांडववनाला हसा, पण नावाचा वाद इतका स्वस्त नाही. गुजरातच्या सुलतानाने इथला राजा नासिर फारुकी याला ‘खान’ किताब दिला म्हणून खानाचा देश, ही मांडणी बरेच जण मानतात. आपल्याकडे ती छापायला जीभ अडखळते म्हणून कान्हदेश पुढे येतो. खरं खोटं नंतर, पण ज्या पुस्तकात एकच व्युत्पत्ती ‘सर्वमान्य’ म्हणून येते ते तिथेच मिटावं.

अशीरगडचा मालक आशा अहिर, त्याची गोष्टही तशीच. नासिरने डोल्यांतून बायकांऐवजी शिपाई घालून त्याचा गड घेतला ही कथा येते फिरिश्ता या फारसी इतिहासकाराकडून. तो लिहितोय घटनेनंतर दोनशे वर्षांनी. आमची पुस्तकं ती डोळ्यांनी बघितल्यासारखी सांगतात, डोल्या किती ते आकड्यासकट.

आणि साधनं फक्त मोडी नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख घ्या, शके ११२८. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ, त्याला निकुंभ राजांचं दान. वरचा भाग संस्कृत श्लोक, तो सगळे छापतात. शेवटी मात्र चालत्या बोलीत, बाजारात उघडणाऱ्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला दिल्याची नोंद आहे. ‘केणें’ (माल), ‘मढा’ (मठाला), ‘दीन्हला’ (दिला) असे शब्द त्यात. बाजार कसा चालायचा, कुणाकडून काय घ्यायचे, ते त्या ओळींत. नेमकी तीच ‘अशुद्ध भाग’ म्हणून गाळतात!

केळीचा घड
बोलीचा विषय निघालाच आहे तर माझं एक जुनं दुखणं. संस्कृतीवरचं कुठलंही पुस्तक उघडा, अहिराणीच्या प्रकरणात बहिणाबाई. अहो, आसोद्याच्या बाईला अहिराणी कशाला चिकटवता? ती लेवा गणबोली, लेवा समाजाची बोली. कॉपी करून करून आता अभ्यासक्रमातही तेच.

सूतगिरणी
हाई काय बराबर नई शे भो. बहिणाबाई खान्देशाच्या, त्यांच्या बोलीत ‘माले’ आहे, ‘ळ’ चा ‘य’ आहे. आम्ही ‘डोया’ म्हणतो, त्याही ‘डोये’ म्हणतात. मग वेगळं काय राहिलं? २०११ च्या जनगणनेत खान्देशी लिहिणारे सुमारे साडेअठरा लाख, निम्मं जळगाव स्वतःला नुसतं मराठी लिहितं आणि नंतर बोलीचा अभिमान मिरवतं.

केळीचा घड
‘य’ वरून ठरवायचं असेल तर अर्धं वऱ्हाडही अहिराणी होईल. ‘माले’ चंही तेच, तिकडे ‘मले’ आहेच. दोन्हीकडे सापडतं त्यावरून निवाडा होत नसतो. क्रियापद बघा. अहिराणीत ‘शे’, ‘करस’, ‘जास’. षष्ठीला ‘मन्हा, मन्ही’. आता बहिणाबाईंची सगळ्यांना पाठ असलेली ओळ घ्या, ‘माझी माय सरसोती माले शिकवते बोली’. ‘मन्ही’ आहे का? नाही, ‘माझी’. क्रियापद ‘-स’ वर संपतं का? नाही, ‘शिकवते’. पाच शब्दांच्या आत दोन पुरावे. यापुढे काय बोलायचं.

सूतगिरणी
बोलायचं हे, की ती ओळ त्यांनी लिहिलेली नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं. सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतलं, पुस्तक आलं १९५२ ला, बहिणाबाई गेल्या १९५१ ला. छापील मजकुरात एकीकडे ‘बीयबियानं’ आणि दुसरीकडे ‘तंव्हा मिळते भाकर’. ज्या तोंडात ‘बीय’ आहे त्या तोंडात ‘मियते’ पाहिजे. हा ‘ळ’ कुणी घातला? उतरवणाऱ्याने की छापखान्याने? मग ‘माझी’ सुद्धा तिथूनच आली नसेल कशावरून?

केळीचा घड
‘ळ’ सुधारला म्हणून ‘शे’ चं ‘आहे’ केलं असं म्हणायचं? ‘मिळते’ ला ‘मियते’ म्हणा, वृत्त जागच्या जागी राहतं. ‘मियस’ घाला आणि म्हणून दाखवा. चार मात्रांची जागा लंगडी पडते. अक्षर बदलता येतं, अख्खं क्रियापद बदललं तर ओवी मोडते. एवढं तरी कळायला पाहिजे अमळनेरकरांना, दोन-दोन संमेलनं भरवलीत, १९५२ ला आणि २०२४ ला.

सूतगिरणी
संमेलनाचा राग बोलीवर काढू नका. आणि ‘गणबोली’ हा शब्द तरी कधीचा? आधी तावडी म्हणत होते. नावं बदलायची आणि दुसऱ्याला व्याकरण शिकवायचं.

केळीचा घड
तावडी म्हणजे सगळ्या जातींची त्या पट्ट्यातली बोली. गणबोली म्हणजे लेव्यांची. हे दोन वेगळे शब्द आहेत इतकंही माहीत नसेल तर बोलणंच खुंटलं.

गिरणेचं पाणी
दोघंही जरा पाणी प्या. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात खान्देशी भिल्ली भाषांच्या शेजारी ठेवली, मराठीच्या सातव्यात नाही. तेव्हापासून हा वाद आहे, तुमच्याने आज मिटत नाही. वृत्ताचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, हे सूतगिरणी यांनी मनात तरी मान्य करावं.

सूतगिरणी
मनात केलं. इथे करणार नाही.

तोरणमाळ
चाळीस ओळी एका ‘ळ’ वर घालवल्या. छान. धागा सामाजिक बदलाच्या पुस्तकांचा होता ना? तुमचा खान्देश तापीच्या अलीकडेच संपतो का?

१८२५ मध्ये इंग्रज अधिकारी आउट्रामने धरणगावात भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, उभी केली, ती प्रत्येक पुस्तकात आहे, ‘भिल्लांना माणसांत आणले’ या भाषेत. ११ एप्रिल १८५८ ची भिल्लांची इंग्रजांशी अंबापाणीची लढाई दोन ओळींत, तीही भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक याला ‘बंडखोर’ म्हणून. कारण लेखकाने गॅझेटियर समोर ठेवून भाषांतर केलं. गॅझेटियर लिहिणारे अधिकारी, त्यांच्या लेखी ज्याच्यावर गोळी झाडली तो लुटारूच. त्या भाषांतरात ‘लुटारू’ शब्द जसाच्या तसा येतो आणि आमची पोरं तो शाळेत वाचतात. १९७२ चं शहाद्याचं भूमुक्ती आंदोलन, अंबरसिंग महाराज, त्याआधी गुलाम महाराजांची आदिवासींमधली आप ही सुधारणेची चळवळ, हे सगळं एका परिच्छेदात, ‘इतर घडामोडी’ या मथळ्याखाली. नर्मदेच्या धरणात अक्कलकुवा-अक्राणीची तेहेतीस गावं गेली, त्यांच्या गावदेवांची नावं तरी कुठल्या पुस्तकात आली?

आणि पांझराकाठ, तुमची कोतवाल बुकं आणि फेरफार आमच्याकडे चालत नाहीत. वनजमिनीला फेरफार कुठला? जो दोनशे वर्षं कसतोय त्याचं नाव कागदावर अतिक्रमण म्हणूनच येतं. साधन म्हणजे कागद असं धरलंत की निम्मा जिल्हा इतिहासाबाहेर.

पांझराकाठ
हे मान्य करावं लागतं. चिडून का होईना, करतो. कागदाचा माझा हट्ट सपाटीचा आहे. सपाटीवरही फेरफार १९०३ च्या हक्कनोंदीच्या कायद्यानंतरचे. १८६१-६५ च्या कापसाच्या तेजीत आणि नंतरच्या मंदीत कुणाची जमीन सावकाराकडे गेली हे त्यात नाहीच, त्याला गहाणखतं लागतात. आणि १८८० च्या गॅझेटियरमधली लोकसंख्या आजच्या जळगावशी ताडणारे महाभाग आहेतच. तेव्हा जिल्हा एकच होता. पूर्व-पश्चिम तुकडे १९०६ ला पडले, नंदुरबार वेगळा झाला १९९८ ला. बऱ्हाणपूर तर तेव्हाही या जिल्ह्यात नव्हतं.

पण तोंडी साधनालाही शिस्त लागते हो. कानबाई देवीची, तिच्या रोटाच्या सणाची गाणी गोळा केलेली पुस्तकं बघा. कुणी गायलं, वय काय, गाव कुठलं, रोटाच्या रात्री गायलं की चहा पाजून दुपारी गाऊन घेतलं, काही नाही. वरून संकलकाने ‘दुरुस्त’ केलेलं. रोटाला घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात हे असतं, पण भाऊ वेगळे निघाले की गहू कुठल्या घरात मोजायचे यावर जे वाद होतात ते नसतं. कुटुंब कसं फुटलं हे त्या मुठींवरूनच कळलं असतं. आधी ध्वनिमुद्रण, मग जसंच्या तसं लेखन, प्रमाण मराठीतला अर्थ शेजारच्या रकान्यात. आधीच अर्थ लिहिला की मूळ शब्द गेला.

तोरणमाळ
शेजारचा रकाना. मराठीत. पावरी या आमच्याकडच्या आदिवासी बोलीचा अर्थ पावरी माणसाला विचारून लिहा म्हणजे झालं.

कोरा कागद
एकंदरीत माझंच म्हणणं सगळ्यांनी दोन दिवस भांडून सिद्ध केलं. पुस्तक नाही. साधनं आहेत असं आता म्हणतो, समाधान?

एक विचारतो पांझराकाठ यांना. घरच्या गावाच्या १९१८ च्या कोतवाल बुकाची पानं मिळाली आहेत. मृत्यूच्या कारणात ओळीने ‘ताप, ताप, ताप’. हिवताप समजायचा का?

पांझराकाठ
महिने बघा. पानं सप्टेंबरअखेरपासून दाटली असतील आणि डिसेंबरात विरळ होत असतील, तर ती साथ, इन्फ्लुएंझा. कोतवालाला ते नाव ठाऊक नव्हतं म्हणून ‘ताप’. प्लेगला ‘गाठीचा ताप’ लिहितात, पटकी आणि देवी वेगळ्या लिहितात. वयाचा रकाना सोडू नका. हिवतापात पोरं जास्त जातात, या साथीत वीस ते चाळीसचे गेले. आणि दोन्ही बाजूंची दोन-दोन वर्षं मोजा, नुसतं १९१८ मोजून काही कळत नाही. फोटो काढताना पानाचा वरचा कोपरा कापू नका, महिना तिथेच असतो.

कोरा कागद
कोपराच कापलाय. पुन्हा तलाठ्याकडे जावं लागणार.

केळीचा घड
जाताय तर कोतवालाने ‘मृत्यू’ लिहिलंय की ‘मयत’ ते पण बघा. आणि सूतगिरणी, ‘मियस’ म्हणून बघितलं का?

सूतगिरणी
बघितलं. लंगडं पडतं. झोपा आता.