गणपतीच्या शिलकीतून जामिनासाठी मदत द्यायची का?

खजिनदार, शनिवार सकाळ

मंडळी, नमस्कार.
आपल्या इलिनॉयच्या मंडळाच्या गणपतीचा हिशोब जुळला. हॉलचं भाडं, मखर आणि जेवणाचा खर्च जाऊन ८४० डॉलर शिल्लक आहेत. ताईंचं म्हणणं, यंदा ही रक्कम दरवर्षीप्रमाणे शाळेला न देता महाराष्ट्रातल्या कच्च्या (खटला संपायच्या आधीच आत असलेल्या) कैद्यांच्या जामिनासाठी द्यावी. रविवारपर्यंत मतं कळवा.
ता. क. कोणाच्या तरी मोदकपात्राचं झाकण माझ्याकडे आलंय.

नाना, शनिवार दुपार

स्पष्ट लिहितो, राग नसावा. पोरांनी आरतीच्या ताटात टाकलेले पैसे चोराचिलटांना द्यायचे? साधी गरजू माणसं संपली का?

ताई, शनिवार रात्र

नाना, राग कसला? २०१९ पर्यंत मीही हेच म्हणत होते.

पुण्यात भावाच्या सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा, वय एकोणीस, मोबाइलचोरीच्या केसमध्ये आत गेला. बाराव्या दिवशी जामीन मंजूर झाला. पंधरा हजार आणि एक जामीनदार. आम्हाला वाटलं, सुटला. प्रत्यक्षात सुटला साडेतीन महिन्यांनी!

पंधरा हजार भावानं त्याच दिवशी काढून ठेवले होते. अडलं ते जामीनदारापाशी. रेशनकार्ड हवं, पत्त्याचा पुरावा हवा, ऐपतीचा दाखला हवा, आणि माणूस शक्यतो तिथलाच हवा. यांची जमीन लातूरकडे, सातबाऱ्यावर अजून आजोबांचं नाव. सोसायटीतलं कोणी उभं राहीना. माझा भाऊसुद्धा राहिला नाही, तेही लिहून टाकते. पैसे देतो म्हणाला, सही नको. पोराची आई दर आठवड्याला तुरुंगात मुलाखतीला जायची, पिशवीत साबण, बनियन आणि बिस्किटांचे दोन पुडे. पुडे दरवेळी परत यायचे. तारखेला कधीकधी पोलीस गार्द मिळायची नाही, मग पोराला कोर्टात आणायचेच नाहीत. शेवटी एका वकीलबाईंनी जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरून घ्यावी असा अर्ज केला. तो एका दिवसात मंजूर झाला. इतके दिवस हा अर्ज करता येतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

केस अजून चालू आहे. म्हणजे तो चोर आहे की नाही हे अजून ठरायचंय, नाना.

२०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ कच्ची. शंभरात जवळजवळ शहात्तर. जामीनदाराचं हे दुखणं जुनंच आहे. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ चालेना. सुप्रीम कोर्टाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी रक्कम हजारावर आणली. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा सांगितलं की स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, आणि जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (गरिबांना फुकट वकील देणाऱ्या सरकारी संस्थेला) कळवावं. पण कागद घेऊन धावणारं माणूस लागतंच. माझं म्हणणं त्या माणसासाठी पैसे द्यावेत, जामिनाच्या रकमेसाठी नव्हे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प हेच काम १९९० पासून करतोय.

आणि आपलं इलिनॉय? इथे १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशांचा जामीनच बंद आहे. अमेरिकेत पहिलं राज्य आपलंच. माणूस धोकादायक आहे का, पळून जाईल का, एवढंच जज बघतो. खिसा बघत नाही.

खजिनदार, रविवार सकाळ

ताई, पटलं. पण घोडं पेंड खातंय ते वेगळीकडेच. आपलं मंडळ अमेरिकेत नोंदलेलं, म्हणजे आपला पैसा 'परदेशी देणगी'. घेणाऱ्या संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा भारतातला कायदा) खाली नोंदणी हवी, आणि रक्कम स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जायला हवी. मी स्वतः दिले तरी तेच, कारण ओसीआय कार्डवालाही (परदेशी नागरिक झालेला भारतीय) परकाच. भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या शिलकीतून बँकेमार्फत दिले तर मात्र ही भानगड नाही. आता असा पासपोर्ट आपल्यात राहिलाय कोणाकडे?

नाना, रविवार दुपार

माझ्याकडे आहे. मुलगा कधीपासून मागे लागलाय नागरिकत्वाचा अर्ज भरा म्हणून, मी भरलेला नाही.

ताई, तुमची मेल दोनदा वाचली. तहसीलला मी अव्वल कारकून होतो. ऐपतीच्या दाखल्यांच्या फायली माझ्याच टेबलावरून जायच्या. अर्जदार चार-चार खेपा घालायचे, त्यात अशा पोरांचे बापही असणार. विचारलं नाही कधी, दाखला कशाला हवाय ते.

पेन्शनच्या खात्यातून दहा हजार रुपये देतो. मंडळाचं नाव नको. ८४० डॉलर शाळेलाच जाऊ द्या, पोरांचे पैसे पोरांना. वकीलबाईंना विचारून कोणाला द्यायचे ते कळवा.

झाकण आमचं आहे. संध्याकाळी येतो न्यायला.