मदत हवी आहे : फिशटँक आग्नेयेला की ईशान्येला?

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत आमचा वन बीएचके आहे. नणंदेने वाढदिवसाला २ फुटी फिशटँक दिला, सोबत ८ सोनेरी आणि १ काळा मासा. तेव्हापासून घरात महाभारत सुरू आहे.

नणंद फेंगशुईवाली (म्हणजे चिनी वास्तुशास्त्र मानणारी). तिच्या मते आग्नेय कोपरा धनाचा, तिथलं तत्त्व लाकूड; पाण्यावर लाकूड पोसतं, म्हणून टँक तिथेच हवा. सासूबाई वास्तूवाल्या. आग्नेय ही अग्नीची जागा, तिथे पाणी ठेवलंत तर मी जेवणार नाही म्हणाल्या! त्यांना तो ईशान्येला हवाय. तिथे आधीच देव्हारा आहे, शिवाय फेंगशुईत ईशान्य मातीची, माती पाणी अडवते म्हणे. (मासे सध्या बाथरूममध्ये दोन बादल्यांत आहेत. हे कुठल्याच शास्त्रात बसत नसणार.)

त्यात मोबाइलचं होकायंत्र खिडकीच्या ग्रिलजवळ एक दिशा दाखवतं, सोफ्यावर बसलं की दुसरी. कोपरा नक्की कुठून मोजायचा? आणि भरलेला टँक ५०-६० किलोचा, रोज जागा बदलून बघणं शक्य नाही.

अजून एक. कपाटाचा आरसा बेडसमोर येतो, आणि तो तसा नसावा म्हणतात. हलवता येत नाही, म्हणून रात्री त्यावर जुनी ओढणी टाकते. एवढं पुरतं का?

माझा स्वतःचा फारसा विश्वास नाही, पण घरात शांतता हवी आहे. दोन्ही पद्धती मानणाऱ्या घरात कुणी मधला मार्ग काढलाय का? आणि मासे पाळणाऱ्यांनी सांगा, २ फुटांत ९ मासे दाटीवाटी नाही ना होणार?