मदत हवी आहे: खांद्यासाठी बॉडीब्लेड कोणी वापरलंय का?

राम राम मंडळी. आईचं वय ६२. पडल्यामुळं उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. आता जुळलंय, डॉक्टरांनी हलक्या व्यायामाला हो म्हटलंय, पण हातात जोर नाही. फळीवरचा डबा काढायचा तरी डावा हात पुढं. आम्ही गंगाखेडजवळ राहतो, फिजिओथेरपीसाठी रोज परभणी गाठणं होत नाही.

फिजिओ मॅडमनी बॉडीब्लेड ही लवचिक पट्टी सुचवली. मोटार नाही, बॅटरी नाही. मधोमध धरून बारीक झटके दिले की दोन्ही टोकं लपलपतात, सेकंदाला साधारण साडेचार वेळा. तो हेलकावा सांभाळताना खांदा, पाठ, पोट सगळ्यांचे स्नायू कामाला लागतात. आपण जोर वाढवला की पट्टीही तेवढीच ओढते, म्हणून हळू सुरुवात करता येते, हे मला पटलं. (मामा म्हणतात, "आडावर पाणी शेंदायला लाव, तेच होईल." त्यांचं ऐकणार नाही!)

आता सांगा, खुर्चीत बसून करता येतं का? आई उभी राहून लवकर थकते. सुरुवातीला एका वेळी किती सेकंद? व्हिडिओत सगळी तरणी पोरं दिसतात, त्यांचा काय उपयोग. फ्लेक्सी-बार नावाची गोल दांडीही असते, टोकांना वजन असलेली. म्हाताऱ्या माणसाच्या मुठीला कोणती सोपी? नांदेड, लातूर किंवा संभाजीनगरात हातात धरून बघायला कुठं मिळेल? किंमतही टाका. कुणाकडं वापरून पडून असेल तर विकत घेईन.